खाली पाहुणे आहेत

तीन वाजले आणि गोंताने पुन्हा माती खाल्ली.

गोंता हे जपानमधल्या तोयामा शहरातल्या एका सोया सॉस कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या यंत्रहाताचं नाव. रोज सकाळी पिंपांमधून नमुने यायचे. गोंताने पिपेट, म्हणजे थेंब सोडायची बारीक नळी, धरून प्रत्येक नमुन्याचे थेंब ताटलीतल्या बारीक खळग्यांत सोडायचे, म्हणजे कुठल्या पिंपात यीस्ट किती माजलंय ते संध्याकाळपर्यंत कळायचं. सकाळभर तो हे काम इतकं सुरेख करायचा की दृष्ट काढावी. तीन वाजले की मात्र पिपेट खळग्यात जायच्या ऐवजी ताटलीच्या काठावर आपटायचं. मग थेंब टेबलावर, ताटली जमिनीवर, आणि यंत्र सांभाळणारा कुसाकाबे डोकं धरून स्टुलावर.

"आज अगदी ठोक्याला," प्रयोगशाळेतल्या मदतनीस शिराइशीबाई फडकं घेऊन आल्या. "शिंकानसेन गाडीने याच्याकडून वक्तशीरपणा शिकावा."

"बाई, जखमेवर मीठ चोळू नका हो."

"मीठ कशाला? सॉसच सांडलाय सगळीकडे."

कुसाकाबेला हसू आलं नाही. येणार कुठून? हा यंत्रहात कंपनीत आणावा म्हणून त्यानेच साहेबांच्या मागे लागून लागून त्यांचं डोकं खाल्लं होतं. शेवटी तोदोरोकीसाहेब म्हणाले होते, "बरं बाबा, वर्षभर वापरून बघ. मार्चपर्यंत नीट चालला तर ठेवू. नाही चालला तर यंत्र परत, आणि तू अबाशिरीच्या गोदामात." अबाशिरी म्हणजे देशाचं उत्तरेकडचं टोक. हिवाळ्यात तिथल्या समुद्रावर बर्फाच्या लाद्या तरंगतात. बायको चिझुरु त्याच दिवशी म्हणाली होती, "हे बघा, मुलीची शाळा आत्ता कुठे लागलीय. तुम्ही खुशाल जा. आम्ही नाही येणार." तेव्हापासून कुसाकाबेला स्वप्नात बर्फ दिसायचं आणि त्या बर्फावर तो एकटाच बाटल्या मोजत बसलेला असायचा.

गोंता तीनलाच का चुकतो, याचा शोध त्याने किती घेतला म्हणता! आधी त्याला भूकंपाचा संशय आला, मग रस्त्यावरच्या ट्रकांचा, मग स्वतःच्या नशिबाचा. एकदा साहेब ओसाकाला गेले होते. त्या दिवशी तीन वाजून गेले तरी गोंता आपला शहाण्या मुलासारखा थेंब सोडतोय! कुसाकाबेने शिराइशीबाईंकडे पाहिलं, बाईंनी कुसाकाबेकडे पाहिलं, आणि मग दोघांनी सावकाश मान वर करून छताकडे पाहिलं.

वरच्या मजल्यावर हिशेबखातं होतं. तिथे रोज तीन वाजता रेडिओची कवायत चालायची. हात वर, हात खाली, कंबर डावीकडे, कंबर उजवीकडे, आणि मग पियानोच्या तालावर उड्या. सगळं खातं एकदम वर आणि एकदम खाली. ही कवायत खुद्द तोदोरोकीसाहेबांनी सुरू केली होती. तिने त्यांची कंबरदुखी गेली होती, आणि 'निरोगी कार्यालय' म्हणून जिल्ह्याचं बक्षीसही मिळालं होतं. साहेब गावाला गेले की खातं कवायतीला सुट्टी द्यायचं; ते इथे असले की सगळ्यांच्या पुढे उभे राहायचे आणि सगळ्यांत उंच उडी त्यांचीच असायची. साहेब चांगले अंगापिंडाने भरलेले होते. त्या दणक्याने ताटलीचं स्टँड केसभर सरकायचं, आणि गोंता बिचारा शिकवलेल्या जागीच पिपेट खुपसायचा.

"तेवढा वेळ यंत्र थांबवा की," बाई म्हणाल्या.

"थांबवून काय उपयोग? स्टँड सरकायचं ते सरकणारच. मग पुन्हा सगळं शिकवत बसा."

"संध्याकाळनंतर चालवा."

"जादा वेळ बसायला बंदी आहे. आणि माणूस समोर नसताना यंत्र चालवायलाही बंदी आहे."

"मग खाली जाडजूड दगडी टेबल मागवा."

"मागणीपत्रावर कारण काय लिहू? साहेबांचं वजन?"

बाईंनी फडकं पिळलं. "तेही खरंच. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी?"

अशात शेजारच्या कानाझावा शहरातून आमंत्रण आलं. प्रयोगशाळांत यंत्रं वापरणाऱ्या माणसांचं एक मंडळ होतं. प्राध्यापक इजुइन नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी ते काढलेलं. वर्षातून एकदा सगळे जमायचे. नियम एकच: यश घरी ठेवून यायचं आणि आपली एक फजिती घेऊन यायची. ज्याने त्याने आपलं यंत्र कसं फसलं ते सांगायचं, बाकीच्यांनी त्यातून शिकायचं, उपाय सुचवायचे, आणि मग सगळ्यांनी मिळून बिअर प्यायची. कुसाकाबेच्या जिवात जीव आला. इतकी जाणती माणसं! दगडी टेबलाशिवाय, आणि मुख्य म्हणजे साहेबांना न दुखावता, काहीतरी तोड सांगणारं कोणीतरी भेटेलच तिथे.

तो परवानगी मागायला गेला.

"फजिती?" तोदोरोकीसाहेबांच्या भुवया वर गेल्या. "आपल्या कंपनीत फजिती कुठेय?"

"साहेब, तो गोंता दुपारी..."

"ती कंपनीची नाही, तुझी. पण रिकाम्या हाताने जाणंही बरं दिसत नाही. एखादी बरीशी फजिती न्यायला हवी. फार मोठी नको, आपली लाज जाईल. फार लहान नको, यजमानांचा अपमान होईल. थांब, सगळ्यांना बोलावतो."

आणि बैठक बसली. लग्नाच्या आहेराला काय द्यावं यावर घरात बसते तशी. विक्रीखात्याचे प्रमुख म्हणाले, "फजितीत सॉस नको. गिऱ्हाईक बिचकेल." दर्जाखात्याचे म्हणाले, "मोजमापात चूक नको. आमच्यावर येईल." कर्मचारीखात्याचे म्हणाले, "माणसाची चूक नको. कोणाचं तरी मन दुखावेल."

"मग उरलं काय?" कुसाकाबेने रडवेल्या आवाजात विचारलं.

"उरलं तेच सांगायचं," साहेब म्हणाले.

शेवटी जी फजिती मंजूर झाली ती अशी: एकदा एका रिकाम्या खोक्यावर लेबल उलटं चिकटलं, आणि ते लगेच लक्षात आलं. ही सगळ्यांना पसंत पडली. कुसाकाबेने मनात म्हटलं, चला, हे लेबल सांगून टाकू आणि खरं दुखणं बिअर पिताना हळूच कोणाच्या तरी कानात घालू. तेवढ्यात साहेब प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "मीही येतो. बघू तरी लोकांच्या काय काय भानगडी असतात ते." संपलं. कुसाकाबेच्या स्वप्नातल्या बर्फाची जाडी त्या रात्री आणखी वाढली.

कानाझावाच्या सभागृहात मंडळ भरलं. साहेब पहिल्या रांगेत बसले, कुसाकाबे त्यांच्या शेजारी. सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीतल्या एक बाई उठल्या. "आमच्या यंत्राने आठवडाभर नुसती हवा मोजली. बाटलीत द्रवच नव्हता. आणि आम्ही अहवालात लिहिलं, 'निकाल अत्यंत स्वच्छ'!" सभागृह खदखदून हसलं. लगेच मागून प्रश्न आला, "आता कसं ओळखता?" "आता आधी बाटलीचं वजन करायला शिकवलंय त्याला." सगळ्यांनी माना डोलावल्या, लिहून घेतलं. मग एका इस्पितळातले गृहस्थ उठले. "आम्ही यंत्राला कचऱ्याचा डबा दाखवला आणि नमुन्यांचा कप्पा दाखवला. फक्त दोन्हींची अदलाबदल झाली. संध्याकाळी बघतो तर कचरा छान ओळीने लावून ठेवलेला!" टाळ्यांचा नुसता कडकडाट. कुसाकाबेला वाटलं, किती भाग्यवान माणसं ही! भर सभेत आपलं दुखणं बोलू शकतात आणि वर टाळ्या मिळवतात.

मग त्याचं नाव पुकारलं गेलं. तो उभा राहिला आणि त्याने लेबल सांगितलं.

मागे कोणीतरी खोकलं. प्राध्यापक इजुइनांनी चष्मा पुसला आणि फार मायेने विचारलं, "बरं... आणि मग?"

"मग काही नाही. सरळ चिकटवलं."

"खोक्यात काय होतं?"

"काही नव्हतं."

मिठाईचा खोका म्हणून हातात द्यावा आणि उघडल्यावर आत नुसताच कागद निघावा, तसे लोकांचे चेहरे झाले. कुसाकाबेला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण धरणी कसली दुभंगतेय! दुभंगले ते तोदोरोकीसाहेब. कुठल्याही बाबतीत दुसऱ्यापेक्षा उणं पडणं हे त्या माणसाच्या रक्तातच नव्हतं, मग ती फजिती का असेना. ते ताडकन उभे राहिले.

"ही आमची खरी फजिती नाही! आमच्याकडे याहून पुष्कळ मोठी आहे! कुसाकाबे, लाजतोस काय? ती तीन वाजताची सांग!"

"साहेब, ती नको..."

"सांग म्हणतो ना!"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. कुसाकाबेने कसंबसं सांगितलं की आमचा यंत्रहात रोज तीन वाजता चुकतो. बस्स, सभागृहात जीव आला. माणसं खुर्च्यांच्या कडेवर येऊन बसली.

"जवळून आगगाडी जाते का?"

"नाही."

"लिफ्ट? पंप? वाऱ्याचा झोत?"

"नाही हो."

"वरच्या मजल्यावर काय आहे?" हे प्राध्यापक इजुइन.

"हिशेबखातं."

"तीन वाजता ते काय करतात?"

"कवायत."

"उड्या मारतात?"

"...हलक्याशा."

"सापडलं!" म्हातारा लहान मुलासारखा टाळी वाजवून म्हणाला. "उड्या! काय सुंदर कारण आहे! आणि ही कवायत सुरू कोणी केली?"

सगळं सभागृह कुसाकाबेकडे बघत होतं. शेजारी साहेबांचा श्वास ऐकू येत होता. कुसाकाबेने ठरवलं, अबाशिरी तर अबाशिरी, पण साहेबांना भर सभेत उघडं पाडायचं पाप आपल्या हातून नको. त्याने खाली बघून सांगितलं, "मी केली. माझीच कल्पना."

"खोटं!" साहेब गरजले. "साफ खोटं! कवायत माझी आहे! जिल्ह्याचं बक्षीस मिळालंय मला! याला धड वाकताही येत नाही! सगळ्यांत उंच उडी कोणाची, विचारा याला!"

आणि मग जो हशा उठला, ज्या टाळ्या झाल्या, तशा त्या मंडळात कधी झाल्या नव्हत्या. आपण काय बोलून बसलो ते साहेबांच्या लक्षात येईपर्यंत लोक त्यांचे हात हातात घेऊन वाकत होते. "काय हा मनाचा मोठेपणा! वरिष्ठ असून स्वतः कबूल केलं!" प्राध्यापकांनी वर्षातल्या उत्तम फजितीचं बक्षीस, लाकडी पाटावर बसवलेलं एक तुटकं पिपेट, साहेबांच्या हातात ठेवलं. साहेबांनी ते घेतलं, आणि बक्षीस हातात आलं की त्यांचं जे व्हायचं तेच झालं. ते फुलून आले. म्हणाले, "सगळे तोयामाला या! प्रत्यक्ष दाखवतो!"

परतीच्या गाडीत कुसाकाबेने धीर केला. "साहेब, आता कारण सापडलंच आहे, तर उड्या तेवढ्या बंद..."

"बंद?" साहेबांनी पाट छातीशी धरला. "मंडळ बघायला येतंय आणि उड्या बंद? उलट दणकून मारायला सांगतो. गोंता असा चुकला पाहिजे की डोळ्यांचं पारणं फिटेल."

"आणि मार्चमध्ये?"

"तो वेगळा विषय. मार्चपर्यंत चुकत राहिला तर अबाशिरी. नियम म्हणजे नियम."

पाहुणे आले त्या दिवशी प्रयोगशाळेच्या दारात बुटांची ओळ लागली. पाहुण्यांना आत घालायच्या चपला दिल्या, चहा झाला. पाहुण्यांना समजावून सांगायला साहेब खालीच थांबले होते, वरची कवायत हिशेबखात्याच्या मुराकोशीबाईंकडे सोपवली होती. तीन वाजले. वर पियानो सुरू झाला. हात वर, हात खाली. कंबर डावीकडे, कंबर उजवीकडे. "आता बघा हं, आता!" साहेब कुजबुजले. प्राध्यापक इजुइन ताटलीवर इतके वाकले होते की त्यांचं नाक पिपेटला लागायचं बाकी होतं.

गोंताने थेंब खळग्याच्या बरोब्बर मध्यभागी सोडला. मग दुसरा सोडला. मग तिसरा. पियानो संपला. टेबलावर सॉसचा डाग नाही, ताटली जागच्या जागी. साहेब छताकडे बघत राहिले आणि दातओठ खात म्हणाले, "कुसाकाबे, वर कोणी आहे का मेलेत सगळे? बघून ये!"

कुसाकाबे धापा टाकत वर गेला. अख्खं खातं चपला काढून, मोज्यांवर, चवड्यांवर उभं होतं. चेहरे लाल झालेले. मुराकोशीबाई घाम पुसत होत्या.

"बाई, उड्या मारल्यात ना?"

"मारल्या की! पण अलगद. दारात बूट बघितले आम्ही. खाली पाहुणे आहेत ना!"

"अहो, पण साहेबांनी दणकून मारायला सांगितलं होतं!"

"त्यांचं काय जातंय सांगायला? पाहुण्यांच्या डोक्यावर धपाधप नाचायचं? लोक काय म्हणतील? आम्हाला नाही बाई जमत असलं."

"बाई, वर्षभर मी खाली होतो."

"हो, माहितीये की." मुराकोशीबाईंना खरोखरच नवल वाटलं. "पण तुम्ही काय, घरचेच."

तो खाली आला आणि जसं घडलं तसं सांगून टाकलं, आता लपवायला उरलं होतंच काय! साहेब तोंड उघडणार, तेवढ्यात प्राध्यापक इजुइनांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "आम्ही येणार म्हणून दुरुस्तच करून ठेवलंत! आणि तेही एक येन खर्च न करता!" सगळे लिहून घेऊ लागले. साहेबांनी उघडलेलं तोंड मिटलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "हं. बरेच दिवस विचार चालला होता माझा."

दुसऱ्या दिवशी शिराइशीबाईंनी घरून एक जोडी आणली, काळे चकचकीत पुरुषी बूट. "आमच्या ह्यांचे. निवृत्त झाल्यापासून बुटांना कुठे जायचंय?" जेवणाची सुट्टी संपली की त्या ते बूट प्रयोगशाळेच्या दारात, टाचा भिंतीकडे करून, नीट मांडून ठेवायच्या. येता-जाता हिशेबखात्यातलं माणूस बूट बघायचं, आणि तीन वाजता अख्खं खातं मांजरीसारखं अलगद उतरायचं. साहेबही आता गपचूप चवड्यांवर उड्या मारायचे, कारण उपाय त्यांचाच होता ना! रोज रोज हे कोण पाहुणे येतात, असं कोणी विचारलं नाही. विचारणं बरं दिसलं नसतं.

गोंता पुन्हा चुकला नाही. एकदाही नाही. कुसाकाबेच्या स्वप्नातलं बर्फ वितळायला लागलं. मार्चच्या अखेरीला साहेबांनी त्याला बोलावून बसायला सांगितलं, चहा दिला, आणि बराच वेळ बोलत राहिले. त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा चिझुरु ओट्याशी मुळा चिरत होती.

"काय झालं हो? गोंताला ठेवला ना?"

"ठेवला. खूश आहेत. म्हणाले, कंपनीच्या इतिहासात असं यंत्र झालं नाही."

"देवा! म्हणजे तुम्हाला आता अबाशिरीला पाठवत नाहीत."

कुसाकाबे जमिनीवर बसला आणि मोजे काढू लागला.

"शिक्षा म्हणून नाही पाठवत."

चिझुरुची सुरी थांबली. "म्हणजे?"

"गोंता इतका चांगला चालला म्हणून तिकडच्या शाखेलाही एक यंत्रहात घेतलाय. तिथल्या लोकांना काही येत नाही, कोणीतरी शिकवायला हवं. आणि हे सगळं नीट माहीत असलेला माणूस कंपनीत एकच आहे म्हणे." त्याने दुसरा मोजा काढला. "बढती दिलीय."

चिझुरु हात पुसून आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ ती खालच्या कप्प्यात त्याचा जाड कोट शोधत राहिली.